पाल्याचा रस आणि हिवतापाची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील जुन्या कुटुंबांतून चालत आलेले झाडपाल्याचे उपाय एकत्र करून छापावयाचे ठरविले आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या निमित्ताने चिटणिसांनी मजकडे आमच्या आजोबांच्या वहीची मागणी केली. मी वही दिली नाही आणि नाहीही म्हटले नाही. मी त्यांस एवढेच सांगितले की, त्या वहीतील एका नोंदीविषयी मला संमेलनात अर्धा तास बोलू द्यावे, आणि मग वहीचे काय करावयाचे ते मंडळाने ठरवावे. त्यांनी ही विनंती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. तेव्हा माझ्या बोलण्यास शिक्षकाच्या बोलण्याइतकीच किंमत आपण द्यावी.

आजोबा व्यवसायाने वैद्य नव्हते. गावातील किराणा दुकान आणि थोडी बागायत सांभाळून ते औषध देत, आणि त्याबद्दल कोणाकडून पैसा घेत नसत. त्यांच्या वहीत मूळव्याधीपासून विंचवाच्या दंशापर्यंत सुमारे दीडशे नोंदी आहेत. हिवतापाची नोंद अशी: पारिजातकाची मध्यम आकाराची पाच पाने ठेचून त्यांचा रस काढावा, आल्याचा रस व मध घालून दिवसातून तीन वेळा द्यावा, असे सात दिवस करावे. पुढे समासात वेगळ्या शाईने 'अनुभवसिद्ध' असा शब्द आहे.

हा शब्द खोटा नव्हता. १९७६ साली मी महाविद्यालयात शिकत असताना कोकणात आमच्या घरी माझ्या चुलतभावाला थंडी वाजून ताप आला. एक दिवस ताप, एक दिवस बरा, पुन्हा ताप, अशी ती पाळी होती. आजोबांनी रस दिला. चौथ्या-पाचव्या पाळीनंतर ताप थांबला. घरात आनंद झाला. भाद्रपदातील ही गोष्ट. मार्गशीर्षात तोच ताप त्याच भावाला पुन्हा आला, पुन्हा रस दिला, पुन्हा गेला. त्यावेळी कोणाच्याही मनात हा विचार आला नाही की, जो ताप तीन महिन्यांनी परत येतो तो गेलाच नव्हता.

त्याच हंगामात माझ्या आत्याचा मुलगा आमच्याकडे राहावयास आला होता. वय वर्षे अकरा. त्यालाही ताप आला. पण त्या तापाला पाळी नव्हती. तो उतरतच नसे. आजोबांनी त्याच पानांचा रस त्याच विश्वासाने दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा बरळू लागला, संध्याकाळी हाक दिली तरी ओ देईना. रात्री गाडी मिळवून तालुक्याच्या गावी नेईपर्यंत तो गेला. रक्ताची काचपट्टी कोणीतरी घेतली होती. तिचा निकाल तेराव्यानंतर आला, आणि त्यावर 'फॅल्सिपॅरम' हा शब्द होता. आजोबांनी वहीतील त्या नोंदीवर काट मारली नाही. परंतु त्या सालानंतर त्या वहीत एकही नवी नोंद नाही. ते आणखी नऊ वर्षे जगले.

ही नोंद स्मरणिकेत छापावी की छापू नये, हा आजचा प्रश्न आहे. आपल्या ज्ञातीत याची उत्तरे तत्काळ तयार असतात. काही मंडळी म्हणतील, पूर्वजांचे ज्ञान ते, छापलेच पाहिजे. काही म्हणतील, हे अडाणीपणाचे प्रदर्शन कशाला? मला दोन्ही उत्तरे आळसाची वाटतात. झाडाच्या पाल्यात हिवतापावर काही आहे की नाही, हे विचारून पाहण्याची एक रीत आहे, आणि तिचीच थोडी हकीकत मला सांगावयाची आहे.

प्रथम रोगाविषयी. आपल्या वैद्यकाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार पूर्वीच वर्णन केले होते. पाळीचे हे निरीक्षण अत्यंत बारकाईचे आहे; आज आपण व्हायव्हॅक्सचा ताप अठ्ठेचाळीस तासांनी आणि मलेरिई जातीचा बहात्तर तासांनी येतो असे म्हणतो, ते या तृतीयक-चतुर्थकाहून फारसे वेगळे नाही. कारण मात्र ठाऊक नव्हते. १८८० साली अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरास रुग्णाच्या रक्तात हलणारे परोपजीवी दिसले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादेस, डासाच्या जठराच्या भिंतीवर त्यांचा मुक्काम शोधून काढला. तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढणे, पेशी फोडून बाहेर पडणे आणि नव्या पेशींत शिरणे असा या जंतूचा क्रम असतो. पेशी एकाच वेळी फुटतात तेव्हा थंडी वाजते.

व्हायव्हॅक्स जातीचे काही परोपजीवी यकृतात निद्रिस्त होऊन राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात. माझ्या चुलतभावाचा मार्गशीर्षातील ताप हा असा होता. शिवाय शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती काही पाळ्यांनंतर व्हायव्हॅक्सला पुष्कळदा आवरते, आणि औषध न देताही ताप काही काळ थांबतो. म्हणजे 'रस दिला आणि ताप गेला' या वाक्यातील 'आणि' या शब्दावर आजोबांची सारी भिस्त होती. फॅल्सिपॅरमची जात निराळी. ती मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबविते आणि एकदोन दिवसांत प्राण घेऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हींचे नाव एकच, हिवताप. आणि वहीतही नोंद एकच.

आता परीक्षेची रीत. ऐकताना सोपी वाटेल, परंतु तिची पहिली पायरीच निसरडी आहे, आणि ती म्हणजे पानाचे नाव. आपल्याकडे ज्वरावर 'किराईत' सर्वांना माहीत आहे. पण काडेचिराईत ही हिमालयातून येणारी एक वनस्पती आणि पालेकिराईत ही आपल्या कोकणात परसात उगवणारी दुसरी; दोहोंचे कूळ वेगळे, द्रव्ये वेगळी, कडूपणा मात्र सारखा. बाजारात 'किराईत द्या' म्हणून मागितले तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम पानाफुलांसह फांदी वाळवून, दाबून, कागदावर चिकटवून पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर संग्रहात ताडून घेतात. पुढे कोणी विचारले की तुम्ही नेमके कोणते पान तपासले, तर तो वाळलेला नमुना साक्षीदार म्हणून उभा करता येतो. आमच्या महाविद्यालयात एका हौशी विद्यार्थ्याने असा नमुना न ठेवता तीन महिने काम केले, आणि मग त्याने आणलेला पाला कोणाचा होता हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. त्या तीन महिन्यांच्या कामाची आम्ही चहा पिऊन समाप्ती केली.

नंतर पान सावलीत वाळवून दळतात व निरनिराळ्या द्रवांत भिजत घालतात: कोणी पाण्यात, कोणी अल्कोहोलात, कोणी ईथरात. एकाच पानातून पाण्यात एक द्रव्य उतरते, अल्कोहोलात दुसरे. त्यामुळे 'अमुक पानात गुण नाही' असे म्हणणे फार धाडसाचे असते. फार तर 'या द्रवात, या उष्णतेवर काढलेल्या अर्कात गुण दिसला नाही' असे म्हणता येते. द्रव उडवून लावला म्हणजे खाली हिरवट काळा चिकट अवशेष उरतो. तो मोजून, ठराविक प्रमाणात विरघळवून, हिवतापाच्या परोपजीवीपुढे ठेवावयाचा.

हा परोपजीवी काचपात्रात सतत वाढविण्याची युक्ती १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. ते साल माझ्या मनात दुहेरी कोरले गेले आहे. माणसाच्या तांबड्या पेशी, पोषक द्रव, शरीराइतके उष्णतामान आणि प्राणवायू कमी असलेली हवा एवढी सामग्री लागते. ही हवा मिळविण्यासाठी त्यांनी झाकणबंद बरणीत मेणबत्ती लावली. तिने प्राणवायू खाल्ला आणि ती विझली की हवा तयार! तेव्हापासून हिवतापाचा जंतू माणसाच्या शरीराबाहेर, परीक्षकाच्या टेबलावर, औषधासमोर उभा करता येऊ लागला. अर्काची मात्रा कमी कमी करीत जाऊन जंतूंची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा कोणती, हे मोजतात. शेजारी एका खान्यात अर्काविना नुसताच द्रव, दुसऱ्यात क्लोरोक्वीनसारखे माहीतगार औषध ठेवतात. ही शेजारची दोन खाने नसतील तर मधल्या खान्यात काय घडले याला अर्थच नाही. आमच्या घरी भाद्रपदात नेमकी हीच दोन खाने नव्हती.

यातही फसगत होते. पुष्कळ पानांत फेस आणणारी द्रव्ये असतात. ती तांबड्या पेशीच फोडून टाकतात. ढेकूण मारण्यासाठी घर जाळावे तसा हा प्रकार आहे, जंतू मरतो खरा. म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवरही घालून पाहतात आणि जंतू मारणारी मात्रा व पेशी मारणारी मात्रा यांत अंतर किती, ते तपासतात. त्या कसोटीस उतरला तर उंदरांची पाळी. १९४८ साली काँगोच्या कटांगा भागात रानउंदरांत सापडलेली बर्घाई ही परोपजीवीची जात पांढऱ्या उंदरांना देऊन, चार दिवस अर्क पाजून, पाचव्या दिवशी रक्त तपासतात. येथे पुष्कळांचा निकाल लागतो. आपला कडुनिंबच पाहा. त्यातील गेड्युनिन आणि निंबोलाइड ही द्रव्ये काचपात्रात परोपजीवीला मारतात. परंतु गेड्युनिन उंदराच्या पोटातून दिले की त्याचा प्रभाव जवळजवळ उरत नाही. गुढीपाडव्याला आपण चावतो त्या पानाविषयी हे ऐकून मला खेद झाला, पण खेद हा काही पुरावा नव्हे.

या सर्व दिव्यांतून पार पडलेले एक पान मात्र आहे, आणि त्याची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

विएतनामच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा हिवतापाने अधिक जायबंदी होऊ लागले आणि क्लोरोक्वीन तेथील फॅल्सिपॅरमवर चालेना, तेव्हा चीनच्या सरकारने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त योजना सुरू केली. त्या तारखेवरून तिचे नाव ५२३. १९६९ मध्ये पेकिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतील तू यूयू या बाईंकडे त्यातील एक काम सोपविण्यात आले. जुने ग्रंथ चाळून आणि वैद्यांना भेटून त्यांनी सुमारे २,००० नुसखे जमविले आणि सुमारे २०० वनस्पतींपासून ३८० हून अधिक अर्क काढून उंदरांवर तपासले. चिंगहाओ नावाच्या वनस्पतीच्या अर्काने एकदा ६८ टक्के जंतू आवरले. पुन्हा केले तेव्हा १२ ते ४० टक्केच. आमच्यासारख्याने ती वनस्पती तेथेच सोडून दिली असती. बाई पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील को हुंग या ग्रंथकाराने हा पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस पिण्यास सांगितले होते. पाला उकळावा असे त्यात कोठेच नव्हते. इतर बहुतेक काढे उकळीचे, हा नाही. बाईंच्या मनात आले की, कदाचित उकळल्यामुळेच गुण जात असावा.

म्हणून त्यांनी ईथर घेतले, जे अवघ्या ३५ अंशांवर उकळते. अर्कातील आम्ल भाग विषारी ठरला, तो त्यांनी वेगळा काढून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर पूर्णपणे यशस्वी ठरला. सांस्कृतिक क्रांतीचा धामधुमीचा काळ होता. कारखाने बंद होते. तेव्हा पुष्कळ अर्क काढण्यासाठी त्यांनी घरगुती पाण्याचे रांजण वापरले. ईथरच्या वाफेने मंडळी आजारी पडू लागली. १९७२ मध्ये हा अर्क रुग्णास देण्यापूर्वी तू यूयू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. मग हैनान बेटावर २१ रुग्णांना दिला, आणि त्यांचा ताप व रक्तातील जंतू दोन्ही गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शुद्ध स्फटिक हाती आला. त्यालाच आज आर्टेमिसिनिन म्हणतात. पुढच्या वर्षी गोळ्या करून दिल्या तर त्या लागू पडेनात, कारण गोळ्या इतक्या कठीण बनल्या होत्या की त्या पोटात फुटतच नव्हत्या! त्याऐवजी कुपी केल्यावर काम झाले. २०१५ साली या बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन गोष्टी या कथेत माझ्या मनात विशेष भरतात. चिनी औषधिकोशात चिंगहाओ या नावापुढे दिलेली वनस्पती एक होती आणि आर्टेमिसिनिन देणारी वनस्पती तिची भावंड असलेली दुसरी. म्हणजे आपल्या काडे-पाले किराइताचाच गोंधळ तेथेही होता. दुसरी ही की, गुण पानात होता, पण पानावरील सूक्ष्म ग्रंथींत, आणि तोही फुलोरा येण्याच्या सुमारास अधिक. पेकिंगच्या आसपासच्या झाडांत फारच थोडा, सेचुआनच्या झाडांत पुष्कळ. पंधराशे वर्षे एक वाक्य ग्रंथात पडून होते. ते वाक्य खरे होते, परंतु कोणते झाड, कोणत्या ऋतूत, कोठले, हे त्यात नव्हते.

येथे आपल्यापैकी ज्योतिबाचे भक्त असतील ते विचारतील की, आपला दवणा त्याच वंशातला ना? होय, देवाला वाहतो तो दवणा, रानातला ढोरदवणा आणि ही चिनी वनस्पती, तिन्ही एकाच वंशातील. पण वंश एक म्हणून गुण एक असे होत नाही, हे ज्ञातिसंमेलनात वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी! दवण्याचा वास घ्यावा, हिवतापावर त्याची आशा धरू नये. आपल्या देशात लखनौच्या संशोधन संस्थांनी त्या चिनी वनस्पतीची लागवड केली आणि तिच्या द्रव्यापासून आर्टीथर हे इंजेक्शनचे औषध तयार केले.

आता आमच्या पारिजातकाकडे येतो. हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून वही काढली. मुंबईत पोद्दार आयुर्वेद रुग्णालयाच्या वैद्यांनी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक वृत्तान्त प्रसिद्ध केला आहे. हिवतापाच्या १२० रुग्णांना पारिजातकाच्या मध्यम आकाराच्या पाच ताज्या पानांचा कल्क दिवसातून तीन वेळा, सात ते दहा दिवस दिला. पाच पाने, तीन वेळा! आजोबांच्या वहीतील मात्रा जशीच्या तशी. त्यांपैकी ९२ रुग्ण सात दिवसांत व आणखी २० रुग्ण दहा दिवसांत बरे झाले. आठांना गुण आला नाही.

प्रथम मला अत्यंत आनंद झाला. त्या रात्री मी आत्यांना दूरध्वनी करावा असेही क्षणभर वाटले. केला नाही हे बरे झाले. कारण सकाळी मी पुन्हा वाचू लागलो तेव्हा शिक्षकाची सवय जागी झाली. शेजारचे खाने कोठे आहे? ही तुलनेचा गट ठेवून केलेली परीक्षा नव्हती. व्हायव्हॅक्सचा ताप आपोआपही काही दिवसांत आवरतो, हे मी आताच सांगितले. ११२ जण बरे झाले, त्यांत पानाचे किती आणि शरीराचे किती? आणि ते आठ जण? त्या आठांच्या ठिकाणी मला एक अकरा वर्षांचा मुलगा दिसू लागला. त्या वैद्यांजवळ सूक्ष्मदर्शक होता, रक्त तपासले जात होते, गुण न आल्यास दुसरे औषध हाताशी होते. आमच्या पडवीत यांपैकी काहीही नव्हते. आजोबांचे पान आणि पोद्दारचे पान एक असेल; परंतु पानाभोवतीची व्यवस्था एक नव्हती.

तुलनेच्या गटाने काय फरक पडतो, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने सातवीण, कुटकी, चिराईत आणि सागरगोटा यांचे 'आयुष-६४' हे औषध हिवतापावर तयार केले होते. करोनाच्या साथीत त्याचे नाव पुन्हा कानी पडले, ते हेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत व्हायव्हॅक्सचे काही रुग्ण त्यावर ठेवले, काही क्लोरोक्वीनवर. अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्वीनचे सर्व रुग्ण बरे होते; आयुष-६४ चे निम्म्याहून किंचित कमी. क्लोरोक्वीनचा गट शेजारी नसता तर 'निम्मे रुग्ण बरे झाले' ही बातमी आपण किती अभिमानाने छापली असती! ज्यांनी ही परीक्षा केली आणि निकाल लपविला नाही, त्यांच्याविषयी मला आयुर्वेदाच्या कोणत्याही भाटापेक्षा अधिक आदर वाटतो.

पानांच्या मालकीविषयी एक गोष्ट ओघाने सांगतो, कारण कार्यकारी मंडळातील काही सभासदांनी 'आपले ज्ञान परके घेऊन जातील' अशी भीती बोलून दाखविली आहे. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात क्वासिया नावाच्या झुडपाच्या पानांचा चहा लोक हिवतापावर घेतात. एका फ्रेंच सरकारी संशोधन संस्थेने तेथील लोकांना विचारून, त्या पानांतून एक प्रभावी द्रव्य वेगळे केले आणि २०१५ मध्ये त्याचे युरोपीय पेटंट मिळविले. ज्यांनी पान दाखविले त्यांचे नाव त्यात नव्हते. त्यावर मोठा गहजब झाला, आणि २०१६ च्या आरंभी संस्थेने गयानाच्या अधिकाऱ्यांशी लाभाची वाटणी करण्याची तयारी दर्शविली. म्हणजे भीती निराधार नाही. परंतु नुसती पाककृती छापल्याने मालकी मिळत नाही आणि लपविल्याने ती टिकत नाही. आपल्या देशात २००२ चा जैवविविधता कायदा यासाठीच आहे.

काही कामाचे बोल सांगतो. १९४७ च्या सुमारास या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत व आठ लाख मरत असा अंदाज होता. डी.डी.टी.च्या फवारणीने १९६५ पर्यंत हा आकडा एक लाखावर आला, आणि १९७६ मध्ये, म्हणजे आमच्या त्या भाद्रपदात, पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. आता तो पुन्हा पुष्कळ खाली आला आहे. पण आपल्या राज्यात गडचिरोलीच्या रानात हा रोग अजून ठाण मांडून आहे. थंडीताप आला तर बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत जात कळते. फॅल्सिपॅरम असेल तर आर्टेमिसिनिन गटाचे औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. ते शरीरातून काही तासांतच निघून जाते, म्हणून एकटे देत नाहीत. त्याच वनस्पतीचा चहा करून पिण्याची एक टूम परदेशांत निघाली आहे. आर्टेमिसिनिन पाण्यात फारसे उतरत नाही, मात्रा अपुरी पडते, आणि अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाही, उलट निर्ढावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा चहाला आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केले आहे. कंबोडियाच्या पश्चिम सीमेवर आणि अलीकडे रवांडा, युगांडा येथे असे निर्ढावलेले जंतू आढळले आहेत.

व्हायव्हॅक्ससाठी क्लोरोक्वीन तीन दिवस, आणि यकृतात झोपलेल्या जंतूंसाठी प्रिमाक्वीन चौदा दिवस. हे चौदा दिवस कोणी पुरे करीत नाही, ताप गेला की गोळ्या फडताळात जातात! मात्र प्रिमाक्वीन गरोदर स्त्रियांस देत नाहीत, आणि ज्यांच्या रक्तपेशींत एका विशिष्ट एन्झाइमाची उणीव असते त्यांच्या पेशी त्याने फुटतात. १९५६ मध्ये या औषधाच्या निमित्तानेच ती उणीव ओळखली गेली. ही उणीव आनुवंशिक आहे, आणि जे समाज पिढ्यान्पिढ्या आपापसांतच लग्ने करतात त्यांच्यापैकी काहींत ती अधिक आढळली आहे. आपणही तसेच वागत आलो आहोत. तेव्हा प्रिमाक्वीन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना या तपासणीविषयी अवश्य विचारावे. आपल्या ज्ञातीच्या वधूवरसूचीत गोत्र आणि नाडी छापतो. ही एक ओळ छापण्यास मला हरकत दिसत नाही.

आता वहीविषयी. मी तिची प्रत चिटणिसांच्या हवाली करीत आहे. पारिजातकाची नोंद छापावी, अशी माझी विनंती आहे, आणि 'अनुभवसिद्ध' हा शब्दही छापावा, कारण तो आजोबांनी लिहिला होता. परंतु तिच्याखाली त्याच टंकात, बारीक नव्हे, दोन ओळी घालाव्यात. पहिली अशी की, रक्त तपासल्याशिवाय व डॉक्टरांनी औषध दिल्याशिवाय हा रस देऊ नये. दुसरी ओळ मी आत्यांना विचारून लिहिली आहे. त्या आता ९१ वर्षांच्या आहेत. मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मुलाचे नाव घालू नका असे सांगितले, आणि वय व वर्ष घालण्यास होकार दिला: 'हाच रस १९७६ साली अकरा वर्षांच्या एका मुलास दिला होता, तो वाचला नाही.'

याखेरीज, आपल्या शिक्षणनिधीतून वनस्पतिशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या ज्ञातीतील एखाद्या मुलामुलीने पारिजातकाची, तुलनेचे खाने ठेवून, परीक्षा करण्याचे मनावर घेतले, तर त्याच्या रसायनांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. आमच्या परसातले ते झाड अजून उभे आहे. त्याची फांदी, पानाफुलांसह, वाळवून कागदावर चिकटवून मी गेल्या आश्विनात तयार ठेविली आहे.